खोट काढल्याशिवाय पुढे नाही

तात्या, काल नातू काश्मीरहून आला, तो फोटोंचा जाडजूड गठ्ठा घेऊनच. रंगीत, गुळगुळीत, हाताला चिकटतील असे. सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं. एकेक फोटो या हातातून त्या हातात फिरतोय आणि जो तो म्हणतोय, छान, काय छान, अगदी कॅलेंडरवरचा वाटतो. माझ्या हातात तळ्यातल्या नावेचा फोटो आला. मी चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला आणि म्हटलं, "अरे, नावाड्याच्या डोक्यातून झाड उगवलंय. दोन पावलं बाजूला सरकला असतास तर काय पाय मोडले असते?" पोराचं तोंड एवढंसं झालं. सून म्हणाली, "आई, हौसेने काढलेत हो त्याने."  मी मनात म्हटलं, हौसेने काढलेत म्हणूनच तर बोलत्ये. पोटासाठी काढले असते तर कशाला बोलल्ये असते? मग दिवसभर तुम्हीच डोक्यात. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर बापाला पत्र लिहायला कागद घेऊन बसल्ये आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुम्हाला ओळखणारं माणूस या घरात मी सोडून कोणी उरलं नाही.

पेटी आठवते ना तुम्हाला? विचारत्ये काय, तुमचंच तर ते खूळ. पत्र्याची हिरवी पेटी, आत जुन्या बनातीचं अस्तर आणि कोपऱ्यात वेखंडाचा तुकडा, कसर लागू नये म्हणून. तुम्ही रत्नागिरीला शाळेत गणित शिकवायचात आणि सुट्टी मिळाली की तीन पायांच्या तिकाटण्यावरचा तुमचा कॅमेरा खांद्यावर टाकून भटकायला जायचात. तुमच्यासारखेच आणखी तिघे वेडे तुम्ही जमवले होतेत. हेदवीचे गुरुजी, त्यांना पक्ष्यांचा नाद. दाभोळच्या बंदरावरचे एक कारकून, ते सदा गलबतं आणि शिडं काढत. आणि केळशीचे बागाईतदार, ते आंब्याच्या निमित्ताने मुंबईला जात आणि येताना मुंबईच पेटीत घालून आणत. ट्रामगाड्या, पावसाने भिजलेले रस्ते, पाच मजली इमारती, दिव्याच्या खांबाखाली पेपर वाचणारा माणूस. मी मुंबई पहिल्यांदा बघितली ती त्या पेटीत, आणि पुढे खरी बघितली तेव्हा म्हटलं, हे तर सगळं माझ्या ओळखीचं आहे. चौघांनी आपापला एकेक नवा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून पेटीत ठेवायचा आणि पेटी बोटीवरच्या ओळखीच्या कुणाबरोबर पुढे धाडायची. रत्नागिरीहून हेदवी, हेदवीहून दाभोळ, दाभोळहून केळशी आणि तिथून परत आपल्या घरी.

आणि तुमचा तो नियम. कौतुक लिहायचं नाही. पेटी ज्याच्याकडे जाईल त्याने प्रत्येक फोटोच्या पाठीवर एक खोट लिहायची, खरी खोट, आणि मगच पेटी पुढे. एकाने लिहिलेली खोट दुसऱ्याने लिहायची नाही. तुम्ही म्हणायचात, कौतुक करायला डोळे लागत नाहीत, ते मिटूनही करता येतं. ज्याला खोट सापडली नाही त्याने फोटो बघितलेलाच नाही. आईला हे काही पटायचं नाही. ती म्हणायची, "एकमेकांची उणीदुणी काढायला बोटीचं भाडं कशाला घालवायला हवं? ते आमच्या माजघरात फुकट होतं."

पेटी यायची त्या दिवशी तुमचं शाळेतून येणं मी ओळखायची. एरवी फाटकापाशी चपला झटकून, पाय धुऊन मग आत येणारे तुम्ही त्या दिवशी तसेच लाल पायांनी ओटीवर यायचात. मग ओटीवर चटई पसरायची, हात कोरडे आहेत का ते तुम्ही बघायचात, माझेसुद्धा, आणि झाकण उघडायचं. एका पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि पेटी केळशीलाच अडकली. बागाईतदारांनी बुरशीच्या धास्तीने ती चुलीवरच्या माळ्यावर, आमसुलांच्या शेजारी ठेवून दिली. नारळी पौर्णिमेनंतर पेटी घरी आली तर सगळे फोटो धुराने तांबूस झालेले आणि वास असा, की आई म्हणाली, "यांना फोडणी कुणी दिलीन्?" तुम्ही मात्र उन्हात धरून म्हणालात, "रंग बरा आलाय." तेवढ्याला तुम्ही कौतुक म्हणायला तयार नव्हतात.

दाभोळच्या कारकुनांची गोष्ट तुम्ही विसरला नसाल. त्यांना एकदा घाई होती, बोट सुटायची होती, म्हणून त्यांनी गुरुजींच्या खंड्या पक्ष्याच्या फोटोमागे लिहून टाकलं, "आकाश फिकट." फोटोत आकाशच नव्हतं. नुसतं पाणी आणि काठावरची फांदी. तुम्ही त्यांना कार्ड टाकलंत: खोट दिसली तर लिहा, नाही दिसली तर तसं सांगून फोटो काढून ठेवा, पण पेटीत खोटं लिहायचं नाही. ते बिचारे पुढच्या बोटीने स्वतः आले, दोन ओले मासे घेऊन, आपल्या घरी मासे चालत नाहीत हे विसरून. मासे शेजारी गेले आणि कारकुनांना आईने आंबोळ्या घातल्या. जाताना ते म्हणाले, "मास्तर, आमची चूक. पण तुम्ही फार कडक हो." तुम्ही म्हणालात, "कडक नाही. खोटं चाललं तर मग उरलं काय पेटीत?"

या सगळ्यात मी कुठे? मी तुमची फोटो धुवायची काळोखाची खोली सांभाळायची. कोठीच्या खोलीला आतून घोंगडी लावायची, कंदिलाला तांबडा कागद गुंडाळायचा, रहाटाचं पाणी गाळून ठेवायचं. आणि आईची लोणच्याची चिनी मातीची थाळी फोटोच्या औषधाला घेतली म्हणून बोलणी खायची ती मीच. मग माझ्या सोळाव्या वाढदिवसाला तुम्ही मुंबईहून मागवलेला तो काळा खोका माझ्यासमोर ठेवलात. बॉक्स कॅमेरा. मला वाटलं तुमच्यासाठी आहे. तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "तिकाटणं तुला उचलत नाही. हा उचलेल." तात्या, मी आनंदाने विहिरीपर्यंत पळत गेल्ये आणि तिथून तशीच परत आल्ये, कारण विहिरीपाशी करायचं काय ते कळेना.

त्या खोक्याने मी काय काय काढलं ते आठवलं की अजून हसू येतं. गाईचं अर्धं तोंड. आईची पाठ, कारण ती वळली. कलमाच्या बागेतला काळोख, म्हणजे नुसता काळोख. पण उन्हात फोटो छापायची गंमत मला काही सोडवेना. काचेच्या चौकटीत फिल्म आणि कागद घालून ती अंगणात तुळशीपाशी ठेवायची, आणि हळूहळू कागदावर जांभळट चित्र उगवतं. आधी झाडाची सावली येते, मग माणसाचे केस, मग डोळे. दर थोड्या वेळाने सावलीत नेऊन कोपरा उचलून बघायचं, आलं का, पुरे का, अजून थोडं. मी इतक्या वेळा उघडून बघायची की तुम्ही म्हणायचात, "अगो, ते भाताचं पातेलं नाही."

पेटीत माझा फोटो जावा हे माझ्या मनात कधी शिरलं ते सांगता येत नाही, पण एकदा शिरलं ते निघेना. घरात तेव्हा माझ्या लग्नाचं चाललेलं. पत्रिका जात होत्या, येत होत्या. मला कळत होतं की वर्षा-दोन वर्षांत मी कुठेतरी घाटावर किंवा मुंबईला जाणार आणि कोठीच्या खोलीतली घोंगडी दुसरं कोणीतरी लावणार, किंवा कोणीच नाही. पण पेटीचा एक नियम मला पाठ होता. पेटीतला माणूस जिथे जाईल तिथे पेटी जाणार. गुरुजींची मध्ये चिपळूणला बदली झाली होती तेव्हा पेटी चिपळूणला गेली होती. म्हणजे मी एकदा पेटीत शिरल्ये, की मग मला कुठेही द्या, पेटी माझ्या मागे येणार. तुम्ही येणार. हे मी तुम्हाला असं बोलून दाखवलं नाही. मी एवढंच विचारलं, "मुलींना पेटीत घेतात का?" तुम्ही वह्या तपासत होतात. म्हणालात, "पेटीत मुली नसतात, मुलगे नसतात. फोटो असतात." मग टोपण लावलंत आणि नव्या माणसाची रीत सांगितलीत, जशी मी कुणी परकीच आहे. नव्याचा फोटो बिननावाचा जाणार. एक पुरी फेरी करणार. चौघांनी चार वेगळ्या खोटी काढायच्या. चारांतल्या एकाची जरी जागा कोरी राहिली तरी फोटो बाहेर, आणि त्या माणसाने पुन्हा विचारायचं नाही. "आणि माझ्याकडे पेटी शेवटी येते," तुम्ही म्हणालात. "मी बाप म्हणून काही करणार नाही."

मी दिवाळीपासून दर बोटीला मांडवीवर जायला लागल्ये. आई सोबत शेजारच्या काकूंना द्यायची आणि काकू वाळूत बसून गावभरच्या गोष्टी ऐकायच्या. सकाळची वेळ, ऊन पाठीशी, समोर समुद्र. बोट लांब नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. मुंबईहून येणारे चाकरमानी, डोक्यावर ट्रंका, खिशाला घड्याळं. मी एक फोटो काढायची आणि घरी येऊन कपाळाला हात लावायची. कुणाची पाठ, कुणाची नुसती ट्रंक. आणि मग तो दिवस. पडाव वाळूला लागायच्या आधीच एक तरुण माणूस गुडघाभर पाण्यात उडी मारतो. ट्रंक पडावातच राहते. किनाऱ्यावरून एक बाई लुगडं ओलं होईल याचा विचार न करता पाण्यात शिरते आणि हातातलं बाळ दोन्ही हातांनी वर उचलून धरते, बघा, म्हणून. त्याने ते आधी बघितलेलंच नसावं. तो मध्येच थांबलाय, हात अर्धे पुढे. आणि मी खटका दाबलाय. काकू विचारतात, "झालं का गो?"  मला वाटतंय, फिल्म पुढे सरकवायची राहिली असेल तर मी इथेच समुद्रात जाईन.

राहिली नव्हती. तुळशीपाशी त्या कागदावर आधी पडाव उगवला, मग ती बाई, मग तिच्या हातातलं बाळ, आणि सगळ्यांच्या मागे समुद्राची रेघ. मी त्या दिवशी तुम्हाला कोपरा उचलू दिला नाही. पुठ्ठ्यावर चिकटवून, नाव न घालता पेटीत ठेवला आणि झाकण लावलं, तुम्हीही बघितला नाहीत. मग पेटी हेदवीला गेली आणि माझी झोप उडाली. भात जास्त शिजव, दळणात पाणी सांड, असं माझं सुरू झालं. आई म्हणाली, "हिला कुठलं स्थळ पसंत पडलंय का विचारा तरी." तुम्ही म्हणालात, "स्थळ केळशीला पोचलं असेल आता."

शिमग्याच्या आधी पेटी आली. तुम्ही फाटकापाशी चपला झटकल्यात, पाय धुतलेत, हात पुसलेत, सगळं मुद्दाम सावकाश. मला ओरडावंसं वाटत होतं. चटई पसरली. झाकण उघडलं. तुम्ही माझा फोटो उचलून आधी पाठ वर केलीत आणि वाचून दाखवलीत. हेदवीच्या गुरुजींचं सुबक अक्षर: "बाळाचा उजवा हात हलला आहे." दाभोळ: "पडावाचं पुढचं टोक कापलंत महाराज, अशाने बुडेल तो." केळशी: "वर आभाळ फार ठेवलंय. एवढ्या आभाळाचं करायचं काय?" तात्या, लोकांना बक्षिसं मिळाल्यावर काय होत असेल ते मला ठाऊक नाही. मला त्या तीन खोटींनी जे झालं ते पुन्हा कधी झालं नाही. ते मला महाराज म्हणाले होते. हात हलला होता हे खरं, टोक कापलं होतं हे खरं, आभाळ फार होतं हे तर शंभर टक्के खरं. तीन मोठ्या माणसांनी माझ्या फोटोपुढे बसून, डोळे ताणून, माझ्यातलं काय चुकलं ते शोधलं होतं. मी हसत्ये की रडत्ये ते आईला कळेना. ती म्हणाली, "अगो, नावं ठेवलीयेत ना त्यांनी? मग नाचत्येस कशाला?"

मग तुम्ही फोटो उलटलात आणि पहिल्यांदा नीट बघितलात. चष्मा वर केलात. ओटीच्या कडेला उजेडात गेलात. आडवा धरलात, लांब धरलात, उलटा धरलात. आईने पोहे आणून ठेवले, ते निवले. मी खांबाला धरून उभी होत्ये. मला आधी वाटलं तुम्ही मला छळताय. मग तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं. तुम्हाला सापडत नव्हतं. ज्या तीन खोटी दिसण्यासारख्या होत्या त्या आधीच्या तिघांनी घेतल्या होत्या, आणि तुमच्यासाठी काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "तात्या, बाईचा पदर पाण्यात गेलाय." तुम्ही म्हणालात, "ती बाईची गोष्ट. फोटोची नाही." मी म्हटलं, "ट्रंक दिसत नाही नीट." "दिसली असती तर वाईट झालं असतं." मी म्हटलं, "काहीतरी असेलच हो."  तुम्ही म्हणालात, "मध्ये बोलू नको. बघतोय ना मी." आईला तोवर प्रकार कळला होता. ती तुमच्या मागून वाकून बघत म्हणाली, "मला तर त्या पोराचं तोंड बघून भरून येतंय. आता यात वाईट कुठून आणायचं माणसाने?" तुम्ही तिलाही गप्प केलंत. अंगणातलं ऊन कुंपणापर्यंत सरकलं. शेवटी तुम्ही फोटो आईच्या पाटावर ठेवलात, दौत मागितलीत, टाक बुडवलात आणि लिहिलंत. मी खांबामागून वाचलं: "क्षितिज डावीकडे किंचित कललं आहे." मग टाक पुसून म्हणालात, "पुढच्या फेरीत नाव घाल खाली. मोठ्या अक्षरात नको." एवढं बोलून निवलेले पोहे खाल्लेत, सगळे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मला कऱ्हाडला दिलंत आणि लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात पोस्टमनने हिरवी पेटी दारात आणून टाकली. सासूबाईंनी विचारलं, कोणी पाठवलंय, काय आहे. मी म्हटलं, माहेरची शिव्याशापांची पेटी. त्या हसल्या आणि शेजारी बसून एकेक फोटो बघायला लागल्या. मी कृष्णेच्या घाटाचा फोटो काढून घातला, तर केळशीकरांनी मागे लिहिलं, पाणी आळणी दिसतं. किती वर्षं ती पेटी फिरली. तुम्ही गेलात त्यानंतरही काही दिवस फिरली.

आता जे लिहायला बसल्ये ते लिहित्ये. त्या संध्याकाळी मी इतकी आनंदात होत्ये की झोपायच्या आधी मला वाटलं, आपण चुका नीट शिकायला हव्यात. क्षितिज कललंय तर किती कललंय, ते बघायला हवं. तुमची लाकडी फूटपट्टी घेतली आणि फोटोच्या वरच्या कडेपासून समुद्राच्या रेघेपर्यंत डावीकडून मोजलं. मग उजवीकडून मोजलं. मला वाटलं पट्टी सरकली. पुन्हा मोजलं. मग कागद कापताना वाकडा झाला असेल म्हणून मूळ फिल्म काढली, खिडकीच्या काचेला लावली आणि तीही मोजली. तात्या, क्षितिज अगदी सरळ होतं. तुम्ही गणिताचे मास्तर होतात. भिंतीवरची तसबीर दोरा न धरता सरळ लावायचात. ते तुम्हाला दिसलं नाही हे मला कुणी सांगू नये.

मी तुम्हाला विचारलं नाही, त्या दिवशी नाही, नंतर माहेरपणाला आल्ये तेव्हाही नाही. आईलाही बोलल्ये नाही. हे पत्रही मी घडी करून माझ्या जवळच ठेवणार आहे, कुणाला वाचायला देणार नाही. मी पट्टी लावली होती हे तुम्हाला कळलं, तर तुम्ही नियम म्हणजे नियम म्हणून माझा फोटो बाहेर काढाल. आणि मला, या वयात, अजून पेटीत राहायचं आहे.